संकट लोकांपर्यंत पोचवायला चित्र कितपत कामी येतं? (निमित्त: चित्तप्रसाद आणि 1943 चा बंगाल)

शाईदौत

चित्तप्रसाद भट्टाचार्य हे नाव चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपलीकडे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. याची मला खरोखर खंत वाटते, कारण या माणसाचं जवळजवळ अर्धं आयुष्य मुंबईत, अंधेरीत गेलं. जन्म 1915 चा, नैहाटीचा. चितगावला कॉलेजात असताना डाव्या चळवळीत आला, चित्रकला स्वतःची स्वतः शिकला. 1943 च्या नोव्हेंबरात, बंगालचा दुष्काळ ऐन भरात असताना, तो मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव हिंडला आणि भेटेल त्या माणसाचं शाईने रेखाटन करत गेला. त्यातून 'हंग्री बेंगॉल' हे छोटंसं पुस्तक निघालं. इंग्रज सरकारने त्याच्या जवळपास पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या. घरच्यांनी जपून ठेवलेली एक प्रत तेवढी वाचली. दिल्ली आर्ट गॅलरीने 2011 साली तिच्यावरून हुबेहूब आवृत्ती काढली, म्हणून आज आपल्याला ती पाहता तरी येते.

एका सरकारला एवढीशी रेखाटनं जाळावीशी का वाटली असतील, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. भुकेल्या माणसांची चित्रं त्या काळात इतरांनीही काढली. पण चित्तप्रसादच्या चित्रांतला माणूस नुसता 'दुष्काळग्रस्त' नसतो. अनेक रेखाटनांसोबत त्याने त्या माणसाचं नाव, गाव आणि त्याच्यावर काय गुदरलं ते नोंदवून ठेवलंय. त्यामुळे बघणाऱ्याला पान उलटून 'फार वाईट झालं बुवा' म्हणता येत नाही. ज्याच्याबद्दल वाईट वाटायचं तो माणूस समोर उभा असतो, आणि तो असा का झाला हेही तिथेच लिहिलेलं असतं.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण असं. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने ऊसतोड कामगारांवर पोस्टर प्रदर्शन करायचं ठरवलंय आणि चित्रांची जबाबदारी माझ्याकडे आहे. दसरा-दिवाळी झाली की आमची निम्मी गावं रिकामी होतात. तरीही तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांना त्या सहा महिन्यांत तिकडे काय चालतं याची कल्पना नसते. मला नुसती हळहळ नको आहे. लोकांनी काहीतरी विचारायला लागावं असं वाटतं. तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल, पाहिलं असेल किंवा ज्यांच्याबद्दल ते असतं त्यांच्या बाजूने अनुभवलं असेल, तर मोकळेपणाने लिहा.

अंधेरी_लोकल

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. मुंबईची बाजू मी थोडी भरतो.

त्या काळात कम्युनिस्ट पक्षाचं मुख्यालय मुंबईत सँडहर्स्ट रोडला होतं. पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांना चित्रकार, छायाचित्रकार, गाणारे सगळे बरोबर लागायचे. चित्तप्रसादला आणि छायाचित्रकार सुनील जना यांना दुष्काळी भागात धाडण्यामागे जोशीच होते. त्यांची चित्रं आणि फोटो पक्षाच्या साप्ताहिकात छापून यायचे. 1943 च्या मे महिन्यात मुंबईतच इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थेची स्थापना झाली, आणि बंगालहून आलेल्या पथकांनी गाणी-नाटकं करून दुष्काळासाठी पैसे गोळा केले. आपले अण्णा भाऊ साठे यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला तो याच दुष्काळावर. मुंबईच्या गिरणगावातला कामगार, ज्याने बंगाल कधी पाहिला नव्हता, तो डफ-तुणतुण्यावर मेदिनीपूरची कहाणी ऐकत होता. चित्र, पोवाडा, नाटक हे सगळं एकाच कामाला जुंपलेलं होतं. म्हणून शाईदौत, माझी सूचना: नुसती पोस्टरं भिंतीवर लावून थांबू नका. उद्घाटनाला भाषणं ठेवण्याऐवजी एखादा शाहीर बोलवा.

चित्तप्रसाद पुढे चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस पक्षकार्यातून बाजूला झाला, पण अंधेरी सोडली नाही. राबणाऱ्या मुलांवरची लिनोकटची (लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका त्याने याच काळात केली. पैशाची कायम ओढाताण. अखेरच्या दिवसांत कलकत्त्याला गेला आणि 1978 साली वारला. मी इतकी वर्षं अंधेरीत राहतो, पण इथे त्याचं नाव घेणारा माणूस मला भेटलेला नाही.

तिसरा_डोळा

मी वृत्तपत्रात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली आहे, तेव्हा माझं मत वेगळं असणार हे धरूनच वाचा.

संकटाचा पुरावा लागतो. चित्राला 'चित्रकाराने रंगवून सांगितलं' म्हणून बाजूला सारता येतं, फोटोच्या बाबतीत ते अवघड जातं. बंगालच्याच दुष्काळात हे घडलेलं आहे. 'स्टेट्समन'चे संपादक इयन स्टीफन्स यांनी 1943 च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरून पडलेल्या माणसांचे फोटो छापले. युद्धकाळ, सेन्सॉरची कात्री चालू. तरी ते फोटो दिल्लीत पोचले, विलायतेत पोचले, आणि तोवर नुसती 'धान्यटंचाई' म्हणून वेळ मारून नेणाऱ्यांना ते अवघड गेलं. सरकारी दप्तरात तर दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ शेवटपर्यंत जाहीरच झाला नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ऊसतोडीच्या फडात जा आणि फोटो काढा. चित्र कशाला हवं?

शाईदौत

@तिसरा_डोळा, फोटोचं मोल मी कमी लेखत नाही. चित्तप्रसाद आणि जना एकाच कामासाठी हिंडत होते, त्यात स्पर्धा नव्हती.

पण दोन गोष्टी सांगते. एक अगदी कारागिरीची. त्या वेळचा वर्तमानपत्री कागद म्हणजे खरबरीत आणि शाई पिणारा. त्यावर फोटो छापायचा तर जाळीचे ठिपके पाडावे लागत आणि छपाई हलकी असली की चेहऱ्याचा काळा डाग होई. शाईची ठसठशीत रेघ मात्र कसल्याही कागदावर, कसल्याही यंत्रावर जशीच्या तशी उमटायची. खेड्यापाड्यांत हातोहात फिरणाऱ्या पत्रकासाठी रेखाटनच सोयीचं होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच काळातला बंगाली चित्रकार झैनुल आबेदिन, त्याची दुष्काळाची चित्रं बघा. कलकत्त्याच्या फुटपाथवर पाहिलेलं त्याने स्वस्तातल्या पॅकिंगच्या कागदावर काळ्या शाईने उतरवलं. कोरडा, जाडसर ब्रश फरफटत नेलेला. मागे रस्ता नाही, इमारत नाही, काहीच नाही. खाली पडलेली आई, तिच्या अंगावर मूल, आणि बाजूला कावळा. एका चित्रात माणसं, कुत्री आणि कावळे एकाच कचराकुंडीशी. कॅमेऱ्यात शहर आपोआप येतं: दुकानाची पाटी, ट्रामची तार, बघ्याचे पाय. आबेदिनने ते सगळं वगळलं आणि फक्त तेवढं ठेवलं ज्यावरून नजर हटवता येणार नाही. काय वगळायचं हे चित्रकार ठरवतो आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. म्हणूनच मी एवढी चाचपडत विचारते आहे.

कोपीवरची

मी या विषयावर सहसा लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझे आईवडील ऊसतोड. मी सहावीपर्यंत दरवर्षी त्यांच्याबरोबर जायची, नंतर आजीजवळ राहून हंगामी वसतिगृहात शिकले. आता शिक्षिका आहे.

आमच्यावरची पोस्टरं मी खूप पाहिली आहेत. सगळ्यांत तीच बाई असते. डोक्यावर उसाची मोळी, कडेला मूल, डोळ्यांत पाणी, मागे मावळता सूर्य. ते चित्र बघून माझी आई म्हणाली होती, "मोळी उचलताना रडायला कुणाला येळ असतो?" तिचं बरोबर होतं. त्या चित्रात बाई दिसते, पण तिला तिथे कुणी आणि कसं आणलं ते कुठेच दिसत नाही.

ते दाखवायचं असेल तर हे काढा. आमच्यात नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात. हजेरी माणसांची नाही, कोयत्यांची. हंगामाआधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो. त्या पैशात आधीचं कर्ज, लग्न, दवाखाना भागतो, म्हणजे निघायच्या आधीच पैसे संपलेले असतात. मग सहा महिने ती उचल फेडायची. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापून घेतात. ताप असो, पाळी असो, बाळंतपण होऊन चार दिवस झालेले असोत. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर.

पहाटे कोपीतून, म्हणजे फडाजवळच्या आमच्या झोपडीतून निघायचं, फडात पाचटाची पाती हाताला कापतात, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या. गाडी रात्री कधीही येते. आली की उठायचं आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढून भरायची. फळीला दव पडलेलं असतं. माझी आई एकदा त्यावरून घसरली होती. पाणी कुठेतरी लांब, संडास नाही, आंघोळीला साडीचा आडोसा.

बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या बायकांची बातमी 2019 साली सगळीकडे आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली तेव्हा 13 हजारांहून जास्त बायकांचं ऑपरेशन झालेलं निघालं. त्यावरही पोस्टरं निघाली: बाईचं पोट, त्यावर टाके, लाल रंग. मला विचाराल तर त्या चित्रात खाड्याची वही पाहिजे होती. अंगावर जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की दिवस बुडतो, दिवस बुडला की पैसे कापतात, आणि डॉक्टर सांगतो काढून टाका, कटकट मिटेल. हे सगळं त्या वहीत आहे.

आणि एक विनंती. चित्तप्रसादने नावं लिहिली, ते मोठंच काम होतं. पण आमची नावं लिहू नका. परत त्याच मुकादमाकडं जावं लागतं.

जुनी_कात्रणं

कोपीवरची, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यावर मी काही शहाणपण सांगावं असं नाही, पण तुम्ही जे म्हणता तेच बंगालच्या बाबतीतही मला वाटत आलंय, म्हणून थोडं लिहितो.

बंगालमध्ये 1943 साली सुमारे 30 लाख माणसं गेली असा अंदाज आहे. चौकशी आयोगाने 1945 साली 15 लाख म्हटलं होतं. एवढी माणसं निव्वळ पाऊस न पडल्याने मेली नाहीत. मार्च 1942 मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. जपानी आले तर त्यांच्या हाती लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीच्या जिल्ह्यांतून तांदूळ उचलला आणि होड्या ताब्यात घेतल्या. ज्या मुलखात मासेमारी, बाजार, शेतावर जाणं सगळं होडीवर, तिथे! ऑक्टोबर 1942 मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपलं. युद्धखर्चामुळे भाव भडकले, साठेबाजांनी माल दडवला, शेजारच्या प्रांतांनी आपला तांदूळ बाहेर जाऊ दिला नाही, लंडनने जहाजं द्यायला टाळाटाळ केली. मुंबईत 1943 च्या मध्यालाच रेशनिंग सुरू झालं होतं, कलकत्त्यात ते यायला 1944 उजाडलं. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं की प्रश्न धान्य होतं की नव्हतं एवढ्यापुरता नव्हता. मजूर, कोळी, कारागीर यांच्या मजुरीत ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती. शहरात आलेली ही माणसं दारोदार भाताची पेज मागत फिरली. भात मागण्याची त्यांना हिंमत नव्हती.

यातलं काय चित्रात आलं? बरगड्या आल्या, कावळे आले, रिकामं भांडं आलं. जप्त केलेली होडी किती चित्रांत आली? माझ्या पाहण्यात फारच कमी. चित्तप्रसादचं मोठेपण मला इथे दिसतं की त्याने चित्राला एकटं सोडलं नाही. सोबत लिहिलं. चित्र माणूस दाखवत होतं आणि मजकूर कारण सांगत होता. दोन्ही मिळून सरकारला झोंबलं. नुसत्या बरगड्या असत्या तर कदाचित सरकारनेच मदतनिधीच्या पत्रकावर छापल्या असत्या.

तिसरा_डोळा

@कोपीवरची, तुम्ही नावांबद्दल जे लिहिलंत त्यावरून मला चित्राची गरज पटली. फोटोत चेहरा येतो आणि चेहरा म्हणजे नावच. चित्रात बाई खरी ठेवून तिची ओळख झाकता येते. आमच्या धंद्यात डोळ्यांवर काळी पट्टी मारतात, पण त्याने बाई गुन्हेगारासारखी दिसते.

मनमोकळं

मी समुपदेशनाचं काम करते, मुख्यतः विदर्भात. विषयाला धरून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे.

शेतकरी आत्महत्येवर दरवर्षी शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात. शंभरातली नव्वद चित्रं एकच: वाळलेलं झाड, फांदीला फास, खाली भेगाळलेली जमीन. कित्येकदा त्यालाच पहिलं बक्षीस मिळतं आणि ते शाळेच्या दर्शनी भिंतीवर लागतं. त्याच शाळेत तसा बाप गेलेली मुलं शिकत असतात. ती रोज त्या भिंतीवरून जातात.

आत्महत्येच्या बातम्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या सूचना आहेत त्यांत स्पष्ट म्हटलंय की पद्धत दाखवू नका, तिचं वर्णन करू नका, 'सुटका' किंवा 'उपाय' असं भासवू नका आणि मदत कुठे मिळते ते सांगा. बातमीला लागू आहे ते चित्रालाही लागू आहे. फासाचं चित्र खचलेल्या माणसाला वाट दाखवतं. म्हणून प्रदर्शनात कर्जाचा विषय आलाच तर कृपया फास, विषाची बाटली, विहीर यातलं काहीही नको. सावकाराचा कागद दाखवा, पीकविम्याची न आलेली रक्कम दाखवा, बांधावर येऊन बसलेला शेजारी दाखवा. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी मोफत क्रमांक खाली ठळक छापा.

लाकूडठसा

उशिरा आलो, पण या प्रदर्शनाच्या छपाईबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी ठसेच करतो.

फ्लेक्स करू नका. तालुक्याच्या चौकात वाढदिवसाचे शंभर फ्लेक्स असतात, तुमचा एकशे एकावा होईल. लिनोवर करा. स्वस्त पडतं आणि वाचनालयाच्या टेबलावर होतं. लिनोचा तुकडा उन्हात जरा गरम केला की लोण्यासारखा कापला जातो. जिथे पांढरं हवं तिथलं कोरून काढायचं, उरतं ते काळं छापलं जातं. अक्षरं उलटी कोरायची, त्यासाठी मजकूर ट्रेसिंग पेपरवर लिहून कागद पालथा करून उतरवून घ्या. रोलरने शाई पातळ लावा, जाड लावली की बारीक रेघा बुजतात. प्रेस नसेल तर कागद वर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासत जायचं. चिकाटी असली तर दिवसभरात पन्नासेक प्रती सहज निघतात. प्रदर्शन संपल्यावर त्या प्रती गावोगाव जाऊ शकतात, आणि भिंतीवरच्या एका मूळ चित्रापेक्षा त्यांचं काम मोठं आहे.

अशा छापचित्रांची वंशावळही सांगतो. जर्मनीत केथे कोलवित्झ या चित्रकर्तीने 1924 साली 'जर्मनीची मुलं उपाशी आहेत' हे पोस्टर केलं. वाडगे उंचावून वर बघणारी मुलं, बाकी काही नाही. चीनमध्ये लू शुन या लेखकाने तिची चित्रं मागवून प्रसिद्ध केली, तरुणांसाठी लाकूडठशाचे वर्ग भरवले. त्या चिनी ठशांचा आणि कोलवित्झचा प्रभाव चित्तप्रसाद आणि बंगालचाच ठसे करणारा चित्रकार सोमनाथ होर यांच्यावर पडला.

होरबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो चितगावचा, चित्तप्रसादनेच त्याला दुष्काळातली माणसं रेखाटायला लावलं. पुढे 1970 नंतर त्याने 'जखमा' ही मालिका केली. पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर पांढरेच ठसे. मातीच्या पाटीवर सुरीने चिरायचं, तापल्या सळईने डागायचं, तिचा साचा करायचा आणि त्यात लगदा ओतून वाळवायचा. शाई नाही, माणूस नाही. कागदालाच भेग आणि व्रण. बाजूने उजेड पडला तरच दिसतं. पण हे तालुक्याच्या प्रदर्शनात चालणार नाही, शाईदौत. तुम्हाला लांबून वाचता येईल असं काळं-पांढरं हवं.

शाईदौत

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता ठरतंय ते असं. मोळीवाली बाई नाही. सहा लिनोठसे करायचे: उचल घेतानाचा हात आणि अंगठा, खाड्याची वही, रात्रीची गाडी आणि दव पडलेली फळी, साडीचा आडोसा, दवाखान्याची रांग, आणि हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलगी. चेहरे कुणाचेही ओळखू येणार नाहीत असे, पण हात, कोयता, कोपी, कपडे अगदी नेमके. प्रत्येक ठशाखाली तीन-चार ओळींचा मजकूर, म्हणजे 'का' हे चित्रावर सोडायचं नाही. शाहिराशी बोलणं सुरू केलंय. 14416 प्रत्येक प्रतीवर असेल. प्रदर्शनात एक वही ठेवणार आहोत, ज्यात बघणाऱ्यांनी कारखान्याला आणि पंचायत समितीला विचारायचे प्रश्न लिहायचे.

@कोपीवरची ताई, खाड्याच्या वहीचं पान मी कोरायला घेतलंय. मुकादम ते कसं मांडतो, कोणत्या रकान्यात काय लिहितो, हे मला कल्पनेने काढायचं नाही. सांगाल का?

कोपीवरची

सांगते. आमच्या मुकादमाची वही शाळेची शंभर पानी असायची, छापील रजिस्टर नाही. प्रत्येक कोयत्याला एक पान. वरती नवऱ्याचं नाव, बायकोचं कुठेच नाही, हे मुद्दाम दाखवा. डावीकडे वर उचलीची रक्कम मोठ्या आकड्यात. खाली तारखा, त्यापुढे किती टन, आणि खाड्याच्या दिवशी फुली. आठवड्याला खर्चीचे पैसे घेतले की तेही उचलीतच मिळवायचे. सही आमची नसते, अंगठा असतो, आणि वही कायम त्याच्याकडं असते, आमच्याकडं तिची नक्कल नसते.

आईला परवा विचारलं. ती म्हणाली, फुल्या जास्त काढा, जानेवारीत थंडीतापाने सगळी टोळी पडते. कोरायच्या आधी कच्चं चित्र इथं टाका, मी तिला दाखवते.